बाबांना ‘अरे’ म्हणणारं कोणी उरलंय का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील 71 वर्षांचे, प्रेसमधून निवृत्त झालेले. आई दोन वर्षांपूर्वी गेली. जुन्या नाशकातला तिवंध्याजवळचा वाडा बिल्डरकडे गेला, तेव्हापासून वडील मुलीकडे पाथर्डी फाट्याला राहतात. जेवण वेळेवर, गोळ्या वेळेवर, घरात नातवंडं. तरी वर्षभरात बीपीची एक गोळी वाढली, साखर वर गेली, झोप मोडली आणि दिवस टीव्हीसमोर जायला लागला. मुलगी विचारते, “सगळे म्हणतात त्यांना मित्र हवेत. डॉक्टर, मित्रांनी खरंच तब्येतीत फरक पडतो का, की हे आपलं बोलायचं म्हणून बोलतात? आणि पडत असेल, तर या वयात मित्र आणायचे कुठून?”

ताई, आधी सरळ उत्तर देतो. फरक पडतो. मित्र भेटले म्हणून उद्यापासून बीपीची गोळी बंद करता येणार नाही, तसं कोणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. पण बाबांच्या वर्षभराच्या घसरणीत वाडा सुटण्याचा मोठा वाटा असावा, असं मला तुमचं लिहिणं वाचतानाच वाटलं. तुम्ही औषधांची नावं, डोस, सकाळ-संध्याकाळच्या वेळा नीट लिहिल्यात आणि वाडा अर्ध्या वाक्यात उरकलात. पंचवटीत 28 वर्षं दवाखाना चालवतोय, माझ्यासमोर बसणारेही असंच करतात. आधी रिपोर्टांची फाइल पुढे सरकवतात आणि खरी गोष्ट चपला घालताना दाराशी सांगतात.

पुरावा मागितलात म्हणून तो आधी. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अल्मिडा काउंटीत 1965 साली जवळजवळ 7,000 प्रौढांना विचारलं होतं: लग्न झालंय का, मित्र-नातेवाईक किती भेटतात, चर्चला जाता का, कुठल्या मंडळात आहात का. पुढची 9 वर्षं त्यांच्यातलं कोण राहिलं, कोण गेलं याची नोंद ठेवली. लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम यांनी 1979 मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांचा गोतावळा सगळ्यात तुटपुंजा होता, त्या पुरुषांत मृत्यूचं प्रमाण भरपूर गोतावळा असलेल्यांच्या 2.3 पट निघालं आणि बायकांत 2.8 पट. सिगारेट, दारू, वजन, आधीची तब्येत हिशेबात धरल्यावरही फरक पुसला गेला नाही. 2010 मध्ये ज्युलियन होल्ट-लनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे 148 अभ्यास एकत्र केले, माणसं तीन लाखांच्या वर. घट्ट संबंध असलेल्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता 50 टक्क्यांनी जास्त भरली. जागतिक आरोग्य संघटनेने 2025 च्या अहवालात एकटेपणाशी जोडलेले मृत्यू वर्षाला 8,71,000 धरले आहेत.

यात एक मेख आहे आणि ती लपवणं बरोबर नाही. आजारी माणूस आपोआपच चारचौघांत कमी जातो. मग मित्र नाहीत म्हणून आजार, की आजार आहे म्हणून मित्र सुटले? माझा अनुभव म्हणाल तर दोन्ही दिशांनी गाडी चालते आणि एकदा उताराला लागली की कुठून सुरू झाली हे शोधून फार उपयोग नसतो. पण कुठे अडकवता येईल, हे बघता येतं. त्याबद्दल पुढे लिहितो, कारण या प्रश्नातला सगळ्यात कामाचा भाग मला तोच वाटतो.

मला स्वतःला आवडतो तो सर्दीचा प्रयोग. शेल्डन कोहेन यांनी 1997 मध्ये 276 धडधाकट माणसांच्या नाकात चक्क सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले आणि त्यांना वेगळं ठेवून कोणाला सर्दी होते ते पाहिलं. विषाणू सगळ्यांनाच दिलेला. ज्यांच्याकडे तीन किंवा त्याहून कमी प्रकारची नाती होती, त्यांना सर्दी होण्याचा धोका सहा किंवा जास्त प्रकारची नाती असलेल्यांच्या चौपट निघाला. त्यांनी डोकी मोजली नव्हती, नात्यांचे प्रकार मोजले होते, हे लक्षात घ्या. नवरा, बाप, शेजारी, सहकारी, मंडळाचा कार्यकर्ता, दोस्त, असं.

आता बाबांचा हिशेब मांडा. वाड्यात ते कोणाचे शेजारी होते, कुठल्या तरी मंडळाच्या वर्गणीचं काम बघत असतील, प्रेसमधल्या जुन्या लोकांत त्यांची उठबस असेल, आईचे नवरे होते, कोपऱ्यावरच्या पानवाल्याचे रोजचे गिऱ्हाईक होते. दोन वर्षांत यातलं काय उरलं? बाबा आणि आजोबा. दोन्ही नाती प्रेमाचीच, पण दोन्ही एकाच फ्लॅटमधली.

शरीरात काय होतं ते फार खोलात न जाता सांगतो. माणूस कळपात राहणारा प्राणी आहे. आसपास आपलं कोणी नाही असं वाटलं की शरीर पहाऱ्यावर बसतं. ताणाची संप्रेरकं उतरायच्या वेळी उतरत नाहीत, नाडी आणि रक्तदाब जरा चढेच राहतात, झोप सावध होते, खुट्ट झालं की जाग येते. झोप मोडली की सकाळची साखर बिघडते. साखर बिघडली की अंगात उत्साह नाही, उत्साह नाही म्हणून फिरणं बंद, आणि फिरणं बंद म्हणून परत झोप नाही. तुम्ही वेगवेगळ्या लिहिलेल्या चार तक्रारी खरं तर एकाच दोरीला बांधलेल्या आहेत.

पण खरं सांगू? संप्रेरकांपेक्षाही मित्राचा एक साधा उपयोग मी जास्त वेळा पाहिलाय. त्याला आपल्यातला बदल दिसतो.

गंगेवर पहाटे फिरणारा सहा-सात म्हाताऱ्यांचा एक गट आहे. (बाहेरच्यांनी गोदावरी म्हणावं, आमच्यासाठी ती गंगाच.) चार वर्षांपूर्वी त्यातला एक जण चहाच्या टपरीवर कप धरताना धडपडला. बाकीचे हसले, कोणीतरी म्हणालं, “पहाटे पहाटेच लावून आलास की काय?” तो हसायला गेला आणि अर्धंच तोंड हसलं. रोज तेच तोंड बघणाऱ्याला ते लगेच खटकलं. रिक्षात घालून सरळ मोठ्या हॉस्पिटलला नेलं. पक्षाघातात मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि जितकं लवकर तितकं बरं. तो वेळेत पोहोचला, आज परत त्याच टपरीवर चहा पितो. हाच माणूस त्या सकाळी घरी असता तर? “बाबांना आज पडू दे जरा, रात्री झोप नव्हती,” म्हणून घरच्यांनी मायेनंच दार लोटून घेतलं असतं. उठेपर्यंत नऊ वाजले असते.

माझंही सांगतो. रविवारी रामशेज किल्ल्यावर जाणारे आम्ही पाच जण, वीस वर्षांपासूनचे. एका रविवारी मधला चढ चढताना एक जण म्हणाला, “डॉक्टर, आज दर वळणाला फुलं बघायला थांबतोयस, काय विशेष?” मी फुलं बघत नव्हतो, दम खात होतो. लोकांचं बीपी दिवसाला पन्नास वेळा मोजणाऱ्या माणसाने स्वतःचं दोन वर्षं मोजलं नव्हतं. सोमवारी ईसीजी, बुधवारी अँजिओग्राफी. बायकोच्या लक्षात आलं नव्हतं यात तिची चूक नाही, घरात मी चढत कुठे होतो? गेल्या आठवड्यातला, गेल्या वर्षातला माझा वेग ज्याच्या पायांना ठाऊक होता, त्यालाच ते कळलं. घरच्यांना आपण रोज दिसतो, आणि रोज दिसणारी घसरण डोळ्यांना सवयीची होते.

तर मैत्रीचं औषध म्हणजे पिकनिक, वाढदिवस, ‘एन्जॉय करा बाबा’ असलं काही मनात आणू नका. औषध म्हणजे ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि आपण आलो नाही तर “का रे आला नाही?” असं विचारणारं माणूस. जुन्या नाशकात हे सगळं ओट्यावर फुकट मिळायचं. ओट्यावर बसायला आमंत्रण लागत नाही, विषय लागत नाही, कपडे बदलावे लागत नाहीत. दहा मिनिटं बसून न बोलता उठून गेलात तरी चालतं. पाथर्डी फाट्याच्या सातव्या मजल्यावर कोणाला भेटायचं म्हणजे वॉचमनपाशी नाव लिहायचं, लिफ्ट, बेल, “या ना, बसा ना, चहा घेणार?” भेट होते, पण ती भेट असते. सत्तरीच्या माणसाला कोणाकडे ‘भेटीला’ जायचा कंटाळा येतो. नुसतं जाऊन बसायला जागा हवी असते.

‘अरे-तुरे’चंही तसंच. तुमच्या घरी बाबांना सगळे ‘अहो’ म्हणतात. सोसायटीत ते काका, नातवंडांचे आजोबा, बँकेत सर. या सगळ्यात मान आहे. पण त्यांना त्यांच्या पोरवयातल्या नावाने, बंड्या म्हणा, पक्या म्हणा, हाक मारणारं, त्यांनी दहावीत मार खाल्ल्याचं आठवणारं माणूस आता कोण आहे? तुमची आई गेली तेव्हा घरातलं बरोबरीचं माणूस गेलं. वाडा गेला तेव्हा बाहेरची बरोबरीची माणसं गेली. वडीलधारा होणं फार एकाकी काम आहे हो. सतत शहाण्यासारखं वागावं लागतं. मित्रासमोर माणसाला मूर्खपणा करायची मुभा असते आणि माझ्या मते बीपी तिथे उतरतं. याला आकडा देता येत नाही, हे आपलं दवाखान्यातलं निरीक्षण.

तुम्ही लिहिलंय, “मी रोज त्यांच्याशी अर्धा तास बोलते.” फार चांगलं करता, ते सोडू नका. पण त्यांचा मित्र व्हायचा प्रयत्न करू नका. मुलीजवळ बाप गुडघ्याचं दुखणं पण पूर्ण सांगत नाही, कारण तुम्ही लगेच ऑर्थोपेडिककडे नंबर लावाल. मित्र म्हणेल, “माझंपण दुखतं, चल,” आणि तेवढ्यावर दोघंही चार पावलं जास्त चालतील. यावर एक गमतीदार छोटासा प्रयोगही झालाय, 2008 साली छापलेला: मित्र शेजारी उभा असेल तर समोरची टेकडी लोकांना कमी चढाची वाटते. प्रयोग लहान होता, त्यावर इमारत बांधू नये. पण तुमच्या घराजवळच पांडवलेणी आहे. सकाळी तिथल्या पायऱ्यांवर जरा बघत बसा: एकटा चढणारा कुठे थांबतो आणि गप्पा मारत चढणारे कुठे थांबतात.

आता ती जागा, जिथे गाडी अडकवता येते. म्हातारपणी मैत्री बहुतेक वेळा भांडणाने तुटत नाही, कंटाळ्यानेही नाही. ती कानामुळे तुटते, लघवीमुळे तुटते, गुडघ्यामुळे आणि दातांमुळे तुटते. हे कोणी बोलत नाही, म्हणून मी जरा मोकळेपणाने लिहितो.

कानापासून सुरुवात करा. चौघांच्या गप्पांत ऐकू न येणारा माणूस आधी हसण्यावर नेतो, मग चुकीच्या ठिकाणी हसतो, मग त्याच्या लक्षात येतं की आपल्याला हसताहेत. तो यायचा बंद होतो आणि घरी सांगतो, “काय ठेवलंय तिथे, तेच तेच रडगाणं.” टीव्हीचा आवाज वाढलाय का, हे तुम्हीच सांगा. आधी कान तपासून घ्या. निम्म्या वेळा नुसता मळ निघतो आणि माणूस दवाखान्यातच म्हणतो, “पंखा एवढा वाजतो होय!” मळ नसेल तर ऐकण्याची तपासणी, लागलं तर मशीन. मशीन घेऊन दिलं की काम झालं असं नसतं, ते कानाला बसवून घ्यायला, आवाज जुळवून घ्यायला दोन-तीन फेऱ्या होतात आणि सवय व्हायला काही आठवडे जातात. कपाटात पडलेली मशीनं मी इतकी पाहिलीत की मोजायचं सोडलं. बहिरेपणाकडे दुर्लक्ष केलं तर स्मृतिभ्रंशाचा धोकाही वाढतो, हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने टाळता येण्यासारख्या कारणांच्या यादीत ठळकपणे धरलंय. त्याच यादीत लोकांपासून तुटणंही आहे. दोन्ही गोष्टी एकाच कानातून आत येतात.

मग लघवी. या वयात प्रोस्टेट वाढलेलं असतं, दर तासाला जावं लागतं, घाई लागली की धरवत नाही. शिवाय बीपीच्या गोळ्यांत एखादी ‘लघवीची गोळी’ असेल, ती सकाळी आठला घेतली की साडेनऊपर्यंत घराबाहेर पडायची सोय नाही. पाथर्डी फाट्यावरून बसने रविवार कारंज्याला जायचं, मुंबई नाक्यावर ट्रॅफिकमध्ये अडकायचं, आणि मध्येच लागली तर? पुरुष मरेल पण हे मुलीला सांगणार नाही. तो म्हणेल, “ऊन फार आहे.” त्यांच्या डॉक्टरांना तुम्ही खासगीत विचारा: यादीत अशी गोळी आहे का, बाहेर जायच्या दिवशी तिची वेळ पुढे-मागे केली तर चालेल का. काहींना चालतं. हृदयाचं पंपिंग कमी असेल तर चालत नाही, म्हणून स्वतःच्या मनाने बदल करू नका. प्रोस्टेटवर चांगल्या गोळ्या आहेत. एका काकांचं ‘डिप्रेशन’ मी प्रोस्टेटच्या गोळीने बरं केलंय असं गमतीनं सांगत असतो. गंमत पूर्ण खोटी नाही.

गुडघे, मोतीबिंदू, कवळी यांचं लांबण लावत नाही. इतकंच बघा की संध्याकाळी परत येताना समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर येतात का आणि चारचौघांत मिसळ खाताना कवळी हलते का. माणूस कवळीसाठी रविवारची मिसळ सोडतो आणि मिसळीबरोबर चार माणसं सोडतो.

हे करतानाच बाकीच्या तपासण्या करून घ्या. मरगळ, विसरभोळेपणा, कशात मन न लागणं याला थायरॉईड आणि बी 12 ही दोन कारणं आपल्याकडे इतकी सर्रास सापडतात की ती न बघता ‘एकटेपणा’ म्हणणं मला पटत नाही. बाबा मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेतात असं यादीत दिसलं. ती गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत, त्यात माणूस शाकाहारी असेल तर जास्तच, बी 12 कमी होतं. हिमोग्लोबिनही बघा.

उदासीचा आजार वेगळा, तोही ओळखायला हवा. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास, आवडीच्या गोष्टीत रस नाही, जेवण तुटलं, वजन उतरलं, पहाटे तीनला जाग येऊन परत झोप नाही, “आता राहून काय करायचंय” अशी भाषा. असं असेल तर मित्रांची वाट बघत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येत नाही, उलट बोलायला दार उघडतं. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे, मराठीत बोलता येतं. मित्र हे उपचाराच्या जोडीला असतात. उदासीच्या आजारात माणूस मित्रांनाही टाळतो, आणि मग आपण “बाबा जातच नाहीत” म्हणून त्यांच्यावरच चिडतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणायचे कुठून. शक्यतो नवीन आणूच नका.

जेफ्री हॉल नावाच्या अमेरिकी संशोधकाने 2018 मध्ये मैत्रीचे तास मोजले. नुसती ओळख ओलांडून जुजबी मैत्री व्हायला सुमारे 50 तास, मित्र म्हणता यावं इतपत व्हायला 90 आणि जिवलग व्हायला 200 च्या वर तास एकत्र घालवावे लागतात. रोज तासभर धरला तरी सात महिने झाले. सोसायटीतल्या बाकावर हे होणारच नाही असं नाही, होऊ द्या. पण तिवंध्यावरच्या दोस्तापाशी बाबांचे असे किती हजार तास आधीच जमा आहेत! तिथे जाऊन फक्त खातं परत चालू करायचंय.

ज्येष्ठ नागरिक संघात नाव घालायचं सगळ्यांच्या आधी सुचतं. संघ चांगले आहेत, काहींना मानवतात. पण वाड्यात वाढलेल्या माणसाला एकदम अनोळखी पन्नास जणांत नेऊन बसवलं की शाळेच्या पहिल्या दिवसासारखं होतं आणि तो दुसऱ्या दिवशी पोट दुखल्याचं सांगतो. आधी जुना एक माणूस. एकच. तो परत जोडला गेला की त्याच्या मागून दोन येतात.

आणि ‘मित्रांना भेटून या’ असं म्हणू नका. आमच्या पिढीच्या पुरुषांना नुसतं भेटायला जाणं हे काम वाटत नाही, रिकामटेकडेपणा वाटतो. त्यांना निमित्त द्या. बायका या बाबतीत आमच्यापेक्षा शहाण्या: भिशी आहे, भजनी मंडळ आहे, हळदीकुंकू आहे, ‘वाती करायला बसलोय’ आहे. हात कामात आणि तोंड गप्पांत. पुरुषाचं निमित्त नोकरीबरोबर संपतं. म्हणून म्हणतो, गंगेवरचा बुधवारचा बाजार धरा. “बाबा, इथली भाजी काही खरी नाही, बुधवारी गंगेवरून आणाल का?” यात खोटं काहीच नाही. पिशवी हातात असली की म्हातारा माणूस रस्त्याने ताठ चालतो. बाजार करून गावात एका ओट्यावर टेकायचं, चहा घ्यायचा, बाराच्या आत घरी. पहिले दोन-तीन बुधवार तुमचे यजमान किंवा मुलगा सोडायला जाऊ दे, मग सिटीलिंकची बस. पावसाळ्यात गंगेला पाणी चढलं की बाजार विस्कटतो, तेव्हा ओटा तरी चुकवायचा नाही. मेथी थोडी पिवळी आली तर काही बोलू नका. तुम्ही मेथी विकत घेत नाही आहात.

अधल्यामधल्या दिवसांना फोन. व्हॉट्सअ‍ॅपवरची सूर्योदयाची चित्रं मी मैत्रीत धरत नाही, पण सकाळी सातला चित्र आलं नाही म्हणून साडेसातला फोन करणारे दोन म्हातारे मला माहीत आहेत, तेव्हा अगदीच टाकाऊही म्हणत नाही. रंगपंचमीला रहाड (रंगाच्या पाण्याचा जुना हौद) उघडते तेव्हा आवर्जून न्या. उडी नाही मारली तरी काठावर उभं राहिलं तर अर्धं गाव भेटतं आणि त्या एका दिवशी सगळे एकमेकांना ‘अरे’च म्हणतात.

मित्रांचं वाईटही होतं, ते लपवत नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या 12,000 लोकांवरच्या अभ्यासात मित्र लठ्ठ झाला तर आपण लठ्ठ होण्याची शक्यता 57 टक्क्यांनी वाढते असं 2007 मध्ये आलं होतं. त्या हिशेबावर नंतर वाद झाले, पण तंबाखूची पुडी कोणाच्या खिशातून कोणाच्या हातात जाते हे बघायला मला अभ्यास लागत नाही. बाबांचा एखादा दोस्त म्हणेल, “मी मेथीदाण्याचं पाणी पितो, गोळ्या सोडल्या.” त्याची साखर मागच्या आठवड्यात किती होती, तेवढंच बाबांना विचारायला सांगा. तर्री मारलेली मिसळ आठवड्यातून एकदा, पाव एकच. त्यावरून भांडण काढलंत तर ते मिसळ सोडणार नाहीत, तुम्हाला सांगणं सोडतील. आणि जो माणूस भेटला की बाबा दोन दिवस जास्तच खचतात, तेच तेच दुःख उगाळत बसतात, त्याचा बुधवार दुसऱ्या कामात घालवता आला तर बघा. गप्पांतून परत आल्यावर बाबा जेवले नीट की नाही, हा माझा निकष.

बीपी, साखर किती दिवसांत उतरेल असं विचाराल. तारीख देत नाही. घरी आठवड्यातून दोनदा, सकाळी बसवून, पाच मिनिटं शांत ठेवून बीपी मोजा आणि वहीत लिहा. तीन महिन्यांनी ती वही त्यांच्या डॉक्टरांना दाखवा, गोळीचं काय करायचं ते ठरवतील. वहीच्या डाव्या बाजूला एक रकाना जास्त काढा: बाहेर गेले होते का, कोण भेटलं.

हो, आणि एक तुमच्याबद्दल. तुमच्या संपूर्ण लिहिण्यात तुमची एकही मैत्रीण आली नाही. दोन वर्षांत आई गेली, वडील घरी आले, नोकरी, मुलं. तुमचं बीपी शेवटचं कधी मोजलंत?

बाबांच्या दोस्ताचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये बहुतेक नसेल. वाडा सोडताना जुन्या डायऱ्या कुठल्या खोक्यात गेल्या, ते आज रात्री शोधा. नाही सापडली तर तिवंध्यावर जाऊन कोणत्याही दुकानात त्यांच्या टोपणनावाने विचारा. आडनावाने नको, तिथे आडनावाने कोणी ओळखत नाही.

बुधवार परवाच आहे.